प्रस्तावना: मोली, तिचे पाणी आणि तिची पिल्ले

घरी मासे पाळू लागलेल्या माणसाला नवजात पिल्लांचे पहिले दर्शन बहुधा मोलीच घडवते. दुकानातून आणलेली काळी, तुकतुकीत, भरदार पोटाची मादी टाकीत सोडून आठ-पंधरा दिवस झाले न झाले तोच एखाद्या सकाळी पाणवनस्पतीच्या मुळांशी काळसर ठिपके हलताना दिसतात, घरातली मुले एकमेकांना हाका मारतात, आणि ज्याच्या मनात पैदाशीचा विचारही आलेला नव्हता असा गृहस्थ अनायासे संवर्धक होऊन बसतो. या अनायासतेमुळे मोलीविषयी एक समज सार्वत्रिक झाला आहे, तो असा की तिच्या पैदाशीसाठी काही शिकावे लागत नाही. नर-मादी एकत्र ठेवावीत, वेळच्या वेळी चिमूटभर खाद्य टाकावे, उरलेले सारे सृष्टिनियमाप्रमाणे होते. पिल्ले होण्यापुरते हे खरे आहे. परंतु झालेली पिल्ले पुढे धडधाकट, सरळ पाठीची, निदान आईबापांएवढी झालेली दिसावीत, ही गोष्ट सृष्टिनियमाच्या भरवशावर टाकून चालत नाही. आणि ज्या घरांत मोली वर्षभरात सात-आठ वेळा व्याली त्या घरांत वर्षअखेरीस शिल्लक राहिलेली तिची संतती बहुधा हाताच्या बोटांवर मोजता येते. हा जमाखर्च इतका तोट्याचा का असतो, याचा जितका विचार करावा तितके वाटू लागते की त्याचे कारण माशात क्वचित असते. ते पाण्यात असते, आणि पाण्याच्या खालोखाल, पिल्ले जन्मल्यावर पाळणाऱ्याचे लक्ष ज्या त्वरेने ओसरते त्या त्वरेत असते. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेचा सारा रोख या दोन बाबींवर आहे, आणि प्रस्तावनेतही त्यांचाच विस्तार करावा असा माझा मानस आहे.

मोलीचा मूळ मुलूख ध्यानात घेतल्यावाचून तिच्या पाण्याची गोष्ट उमगत नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या आखाताच्या काठाकाठाने युकातान द्वीपकल्पापर्यंत, आणि तेथून खाली मध्य अमेरिकेत, असा हा मुलूख पसरला आहे. भरती-ओहोटीचे पाणी ज्यांत शिरते अशा खाड्या आणि दलदली, चुनखडीच्या प्रदेशातले झरे, उन्हाने तापणारी उथळ डबकी, ही त्या कुलाची वतने. त्या पाण्यांत क्षार भरपूर असतात आणि शेवाळही भरपूर असते. १८२१ साली लेस्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने यांतील शिडासारख्या पृष्ठपक्षाच्या जातीचे वर्णन केले आणि नेपोलियनच्या खजिन्याचा मंत्री मोलियँ याच्या सन्मानार्थ तिच्या प्रजातीला मोलिएनेसिया असे नाव दिले. १९६३ मध्ये रोझेन आणि बेली या अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञांनी ती प्रजाती पीसिलिया या अधिक जुन्या प्रजातीत विलीन केल्यामुळे शास्त्राच्या दफ्तरातून ते नाव गेले, बाजारात मात्र त्याचा आखूड अपभ्रंश कायम राहिला. आपल्या परिचयाचा गप्पी मासा, जो आरोग्य खात्याने डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी गावोगावच्या हौदांत आणि डबक्यांत सोडला, तो याच प्रजातीतला, म्हणजे मोलीचा निकटचा भाऊबंद होय. दुकानात मिळणारी मोली ही मात्र कोणत्याही एका रानटी जातीची निखळ वंशज नसते. आखूड परांची स्फेनॉप्स, शिडाच्या परांच्या लाटिपिन्ना आणि वेलिफेरा, आणि मेक्सिकाना, अशा अनेकींचे रक्त तिच्यात पिढ्यानपिढ्या मिसळत आले आहे.

या मत्स्यकुलाची सहनशक्ती किती दांडगी आहे याचा एक दाखला देण्याजोगा आहे. मेक्सिकोच्या ताबास्को प्रांतात एक गंधकाची गुहा आहे. तिच्यातून वाहणाऱ्या ओढ्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू इतका विरघळलेला असतो की सामान्य मासा तेथे फार काळ तग धरणार नाही. पण मेक्सिकाना मोलीची एक वसाहत त्या अंधारात आणि त्या दुर्गंधीत पिढ्यानपिढ्या नांदते आहे, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातला प्राणवायू कल्ल्यांनी टिपत ती जगते. तेथले सोके लोक दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, पाऊस आणि पीक मागण्यासाठी, एका वनस्पतीच्या मुळ्या कुटून त्यांचा लगदा या ओढ्यात सोडतात आणि गुंगी आलेले मासे विधिपूर्वक गोळा करतात. विषारी पाण्यात टिकणारा मासा घरातल्या स्वच्छ, नितळ, नळाच्या पाण्यात मात्र आठवडाभरात कुढू लागतो, हे नवशिक्याला कोडे वाटते. त्याची उकल अशी आहे की नितळ पाण्यातला क्षारांचा अभाव मोलीला दुःसह होतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न गावागणिक बदलतो, आणि परदेशी पुस्तकांत त्याचे उत्तर सापडत नाही म्हणून येथे त्याचा तपशील थोडा अधिक देणे भाग आहे. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचे पाणी येते, पुण्याच्या नळाला खडकवासल्याचे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस फारसा खडकात न मुरता तलावात उतरतो, त्यामुळे हे पाणी हलके, म्हणजे रसायनशास्त्राच्या परिभाषेत मृदू असते. कोकणात जांभ्या दगडातून पाझरून विहिरीत उतरलेले पाणीही मृदू, आणि पुष्कळदा किंचित आम्ल. याउलट देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळ्या पाषाणात दोनशे-तीनशे फूट खोल गेलेल्या विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते; ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ज्याच्या तापण्याने बंबाच्या तळाशी पांढरा थर धरतो, ज्याच्याविषयी घरातल्या बायकांची कायमची तक्रार असते, ते हेच पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम ठरवली आहे आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत मुभा दिली आहे. मोलीची गोष्ट अशी की जेथे माणसाची इष्ट मर्यादा संपते तेथे तिचे सुख सुरू होते. २०० ते ४०० च्या दरम्यान काठिण्य, साडेसात ते सव्वाआठ सामू आणि २५ ते २८ अंश सेल्सियस तापमान असले म्हणजे ती निरोगी राहते, वेळेवर विते, आणि तिची पिल्ले झपाट्याने वाढतात. लातूर-सोलापूरकडच्या ज्या गृहस्थाला आपल्या बोअरच्या पाण्याची लाज वाटते त्याने ती मोलीपुरती तरी बाळगू नये.

पाणी मृदू असले म्हणजे काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरता येत नाही. मासा टाकीच्या एका कोपऱ्यात, बहुधा पृष्ठभागाजवळ, जागच्या जागी तरंगत राहतो. पुढे सरकत नाही, मागे हटत नाही, परंतु डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याचे सारे अंग डावी-उजवीकडे एकसारखे डुलत असते, पुच्छपक्ष एखाद्या मिटलेल्या पंख्यासारखा गोळा झालेला असतो, आणि जवळ खाद्य पडले तरी तो त्याकडे वळत नाही. विक्रेते याला ‘शिमी’ म्हणतात आणि बहुधा एखादे निळे-पिवळे औषध देऊन गिऱ्हाइकाची बोळवण करतात. हा रोग नव्हे. हे लक्षण आहे. माशाच्या रक्तात क्षार अधिक आणि भोवतालच्या गोड्या पाण्यात ते कमी असल्यामुळे पाणी कल्ल्यांवाटे सतत आत शिरत असते आणि क्षार बाहेर निसटत असतात. पाण्यातला कॅल्शियम कल्ल्यांच्या नाजूक पडद्याची ही गळती आटोक्यात ठेवतो, आणि तो पुरेसा नसला की माशाची सारी शक्ती ही गळती भरून काढण्यात खर्ची पडते. थंडी आणि अमोनिया यांनीही हेच लक्षण उद्भवते, म्हणून इलाजापूर्वी तिन्ही गोष्टी तपासाव्यात; परंतु मुंबईत आणि कोकणात पहिला संशय पाण्याच्या मृदुपणावरच घ्यावा.

यावर मीठ घाला, असा सल्ला सरसकट दिला जातो. खाड्यांतून वावरणाऱ्या या माशाला मीठ मानवते यात शंका नाही. शिडाच्या परांची मोली हळूहळू सरावली तर समुद्राच्या पाण्यातही राहते आणि तेथे पिल्लेही देते. तथापि स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड; त्याने क्षारता वाढते, काठिण्य वाढत नाही, सामूही चढत नाही, आणि टाकीतल्या पुष्कळ पाणवनस्पती मात्र त्याने कुजू लागतात. मोलीला मुख्यतः हवा आहे तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्याची सोपी तजवीज आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेली आहे: समुद्रावरचे रिकामे शिंपले गोळा करावेत, घासून, उकळून, उन्हात वाळवून त्यांचा जाडसर चुरा करावा, आणि तो कापडाच्या लहान पिशवीत बांधून गाळणीच्या प्रवाहात ठेवावा. पाणी जितके आम्ल तितका हा चुरा लवकर विरघळतो, आणि सामू चढत गेला की विरघळणे आपोआप मंदावते, त्यामुळे अतिरेकाची भीती जवळजवळ राहत नाही. ज्या घरांत पिण्यासाठी आरओचे यंत्र बसवले आहे तेथे त्यातून निघालेले ‘शुद्ध’ पाणी माशांना द्यावे अशी इच्छा स्वाभाविकपणे होते. मोलीच्या बाबतीत ती आवरावी, कारण त्या यंत्राचे कामच क्षार काढून टाकण्याचे आहे. पावसाळ्यात आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. गढूळ पाणी निवळण्यासाठी नगरपालिकेला तुरटी अधिक वापरावी लागते आणि तुरटी पाण्याची अल्कता खाते. क्लोरीनची मात्राही त्या दिवसांत वाढवलेली असते. म्हणून आषाढ-श्रावणात नळाचे पाणी निदान दिवसभर उघड्या पिंपात राहू द्यावे, किंवा थायोसल्फेटचे चार खडे घालून क्लोरीन मारावा, आणि एका वेळी टाकीतले पाव हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये.

टाकीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. एक नर आणि तीन माद्या यांच्या संसाराला ती पुरे. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी सर्वांत स्वस्त आणि पिल्लांच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक, कारण जोरदार ओढीच्या गाळणीत नवजात पिल्ले खेचली जातात. मुंबईत पाण्याचे तापमान बहुतेक वर्षभर मोलीला मानवेल असे असते. नाशिक-पुण्याकडे पौष-माघाच्या रात्री मात्र लिटरमागे एक वॅट या हिशेबाने तापक लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

मात्र एका गोष्टीकडे काणाडोळा करून चालणार नाही, ती अमोनियाची. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया उत्पन्न होतो. गाळणीत आणि वाळूत वसणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळ निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. आणि या जिवाणूंची वसाहत नव्या टाकीत नीट बसण्यास चार ते सहा आठवड्यांची मुदत लागते. मृदू आणि आम्ल पाण्यात अमोनियाचा बराचसा अंश निरुपद्रवी स्वरूपात राहतो. मोलीला हव्या असलेल्या जड, अल्क पाण्यात तो विषारी स्वरूपाकडे झुकतो. म्हणजे मोलीला मानवणारे पाणी अस्वच्छतेला सर्वांत कमी क्षमा करणारे आहे. आज टाकी आणली, आज भरली आणि आजच सहा मासे सोडले, असे करणाऱ्याच्या मोली पंधरवड्यात का दगावतात याचा उलगडा येथे होतो. पहिले चार आठवडे टाकीत वनस्पती लावून, कणभर खाद्य रोज टाकून, ती माशांवाचून चालवावी. शक्य असेल तर एखाद्या स्नेह्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या गाळणीत ठेवावा, म्हणजे मुदत पुष्कळ कमी होते.

आता प्रत्यक्ष पैदाशीकडे वळतो. नर-मादीची ओळख पोटाखालच्या पराकडे पाहून पटते. मादीचा गुदपक्ष पंख्यासारखा पसरट असतो. नराचा वयात येता येता लांबट आणि काडीसारखा होतो, त्यालाच गोनोपोडियम म्हणतात, आणि तो पुढे वळवून नर आपले शुक्राणू मादीच्या शरीरात पोहोचवतो. अंडी मादीच्या पोटातच फळतात, गर्भ अंड्यातल्या पीतकावर वाढतो, आणि चार ते सहा आठवड्यांनी, पाणी थंड असेल तर आणखी काही दिवसांनी, पोहता येण्याजोगी पिल्ले बाहेर येतात. एका समागमातले शुक्राणू मादी कित्येक महिने जतन करून ठेवते आणि त्यांवर अनेक वेते काढते. यातून नवशिक्यासाठी दोन निष्कर्ष निघतात: दुकानात नर-मादी एकत्र ठेवलेल्या काचेतून आणलेली वयात आलेली मादी बहुतेक गाभणच असते, घरी नर असो वा नसो, आणि तिची पहिली काही वेते आपण निवडलेल्या नराची आहेत असे मुळीच समजू नये. ज्याला वंशाची शुद्धता राखावयाची आहे त्याने लहान, वयात न आलेल्या माद्या आणून वेगळ्या वाढवाव्यात. नर एक आणि माद्या दोन-तीन, हे प्रमाण केवळ उत्पन्नासाठी सांगितलेले नाही. मोलीचा नर दिवसभर पाठलाग करतो, आणि एकटी मादी त्या त्रासाने खंगते.

याच कुलात सृष्टीचा एक विलक्षण अपवाद आहे, तो पुढील प्रकरणांत येणार नाही म्हणून येथेच सांगतो. ईशान्य मेक्सिको आणि दक्षिण टेक्सास येथे फॉर्मोसा नावाची मोली आढळते, तीत सर्व माद्याच असतात. तिला शेजारच्या जातीच्या नराशी समागम करावा लागतो, कारण शुक्राणूच्या स्पर्शाखेरीज तिचे अंडे वाढीस लागत नाही. परंतु पित्याचा वारसा अंड्यात उतरत नाही, आणि प्रत्येक मुलगी आईची हुबेहूब प्रत निघते. पृष्ठवंशीय प्राण्यांत असा प्रकार अस्तित्वात आहे हे शास्त्राला प्रथम कळले ते या माशावरून, १९३२ साली, हब्ज दांपत्याच्या संशोधनातून. ज्या माशाला आपण प्राथमिक धडा समजून हाती घेतो तो जीवशास्त्राचा इतका गहन ग्रंथ आहे, ही जाणीव नवशिक्याला प्रारंभीच व्हावी असे मला मनापासून वाटते.

विण्याची वेळ जवळ आली म्हणजे मादीचे पोट बाजूने गोल न दिसता खालून चौकोनी झाल्यासारखे दिसते, ती इतरांपासून दूर, तापकाच्या किंवा मुळांच्या आडोशाला राहू लागते, आणि खाद्याला उशिरा येते. काळ्या मोलीत इतर जातींप्रमाणे गर्भाचा डाग कातडीतून दिसत नसल्याने या वागणुकीवरच भिस्त ठेवावी लागते. प्रत्यक्ष जन्म शांतपणे होतो. मादी क्षणभर स्थिर राहते, तिच्या अंगाला एक हलका आचका येतो, आणि गुदपक्षाच्या मागून एक घडी घातलेली काळसर गोळी बाहेर पडते. ती बोटभर खाली जाते, तेवढ्यात उलगडते, शेपटी आणि डोके वेगवेगळी दिसू लागतात, एखाद-दुसरा झटका बसतो, आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा तो जीव तिरका वर चढून तरंगत्या मुळांत शिरतो. मग काही वेळ काहीच होत नाही, मग दुसरे. पहिल्या वेताला दहा-वीस, पुरत्या वाढलेल्या मादीला पन्नास-साठ, क्वचित शंभराच्या घरात पिल्ले होतात, आणि हा सोहळा कित्येक तास चालतो.

मादी आपल्याच पिल्लांना खाते, हा तिच्यावरचा आरोप खरा आहे. तोंडासमोरून जाणारी बारीक हलती वस्तू तिला भक्ष्य वाटते, आणि भूक असली की हा मोह अधिकच होतो. तो टाळण्यासाठी बाजारात प्लास्टिकची लहान पेटी मिळते, जिच्यात मादीला कोंडले की पिल्ले खालच्या फटीतून निसटून सुरक्षित होतात. या पेटीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. हातभर मोकळ्या पाण्यात वावरणाऱ्या मादीला ओंजळभर जागेत, प्रवाहावाचून, दिवसचे दिवस कोंडून ठेवले म्हणजे ती धडपडते, खवले खरचटतात, आणि पुष्कळदा दिवस भरण्यापूर्वीच पीतकाची पिशवी पोटाला तशीच असलेली अर्धकच्ची पिल्ले टाकते. त्यापेक्षा टाकीचा एक तृतीयांश भाग हॉर्नवर्ट, जावा मॉस किंवा हायड्रिला यांनी दाट भरून टाकावा, वर तरंगत्या वनस्पतींच्या मुळांचा पडदा असावा, आणि मादीला पोटभर खाऊ घालावे. पुष्कळ पिल्ले आपली आपण तगतात. सारी वाचवावयाची असतील तर गाभण मादीला अखेरच्या आठवड्यापूर्वीच, फार अवघडण्याच्या आत, अशाच दाट वनस्पती असलेल्या तीसेक लिटरच्या दुसऱ्या टाकीत त्याच पाण्यासह हलवावे, आणि व्याल्यावर तिला परत आणावे. परत आल्यावर एक-दोन दिवस नरापासून आडोसा करता आला तर उत्तम.

येथून पुढचे काम कौतुकाचे नव्हे, नेमाचे आहे, आणि बहुतेक पिल्ले या टप्प्यावर गमावली जातात. मोलीचे पिल्लू जन्मताच खाते, आणि त्याचे पोट लहान असल्याने त्याला दिवसातून चार-पाच वेळा, अगदी थोडे थोडे, मिळावे लागते. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, हवेच्या बुडबुड्यांत, दिवस-दीड दिवस ठेवली की त्यांतून निघणारे नारिंगी रंगाचे सूक्ष्म जीव हे सर्वांत उत्तम अन्न. त्यांवर वाढलेले पिल्लू आणि केवळ कोरड्या भुकटीवर वाढलेले पिल्लू यांत महिन्याअखेर इतका फरक पडतो की ती एका वेताची आहेत हे परक्याला पटत नाही. ते जमत नसेल तर बारीक चुरलेले खाद्य, तलम कापडातून गाळलेला उकडलेल्या अंड्याचा बलक टाचणीच्या डोक्याएवढा, आणि काचेवर मुद्दाम वाढू दिलेले शेवाळ यांवर भागवावे. शेवाळाचे महत्त्व मोलीत विशेष आहे. रानात ती दिवसभर दगड आणि पाने खरवडत असते. लहानमोठ्या सर्वांना आठवड्यातून दोन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने किंवा साल काढलेला मटार द्यावा. गटारालगतच्या चिखलातून गोळा करून विकले जाणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मासे आवडीने खातात हे खरे, पण त्यांच्याबरोबर येणाऱ्या रोगांची जोखीम नवशिक्याने पत्करू नये.

वारंवार खाऊ घालणे म्हणजे वारंवार पाणी बिघडवणे. म्हणून पिल्लांच्या टाकीत दर दोन-तीन दिवसांनी तळचा गाळ नळीने ओढून पाचवा हिस्सा पाणी, त्याच तापमानाचे आणि त्याच काठिण्याचे, बदलावे. हा नेम दोन महिने पाळला गेला तर पिल्लू हां हां म्हणता वाढते. दीड-दोन महिन्यांनी ज्यांचा गुदपक्ष अरुंद होऊ लागला त्यांना वेगळे काढावे, एरवी भाऊ-बहिणींतच वंश सुरू होतो.

नर वेगळे काढताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. या कुलात नर वयात आला, गोनोपोडियम पुरा झाला, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. जो नर दोन महिन्यांतच वयात आला तो आयुष्यभर खुजा राहणार. जो सहा-आठ महिने रेंगाळला तो मोठा, रुंद पराचा, भारदस्त होणार. एकत्र टाकीत मात्र खुजा नर कित्येक महिने आधीच माद्यांशी संग करून मोकळा झालेला असतो, आणि त्याचा वारसा पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात उतरतो. आपल्या दुकानांतली मोली वर्षागणिक बारीक होत चालली आहे अशी जुन्या हौशी लोकांची तक्रार ऐकू येते. तिचे एक कारण या घाईत असावे असा माझा कयास आहे. उशिरा वाढणाऱ्या दोन-तीन नरांसाठी थांबण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे त्याच्या घरची मोली तिसऱ्या-चौथ्या पिढीत ओळखू येईल इतकी वेगळी दिसते.

रंगांच्या आणि आकारांच्या निवडीत मी वाचकाला पूर्ण स्वातंत्र्य देतो: काळी, रुपेरी, ठिपक्यांची डाल्मेशियन, सोनेरी, दुहेरी टोकाच्या शेपटीची, जी आवडेल ती पाळावी. अपवाद फक्त ‘बलून’ मोलीचा. तिचा गोंडस गरगरीतपणा हा पाठीच्या कण्याच्या व्यंगाचा परिणाम आहे. कणा आखूड आणि वाकडा झाल्याने आतले अवयव दाटीवाटीने बसतात, पोहण्याला कष्ट पडतात, विणेही अवघड होते. मुद्दाम जोपासलेले व्यंग विकत घेऊन त्याची पैदास वाढवू नये, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे.

राहता राहिला उत्पन्नाच्या विल्हेवाटीचा प्रश्न, जो बहुतेक पुस्तकांत शेवटच्या पानावरही येत नाही. तीन माद्या, दर पाच आठवड्यांना प्रत्येकी तीस पिल्ले, असा मध्यम हिशेब धरला तरी वर्षाला नऊशेंच्या वर जीव होतात. इतके मासे ठेवण्याची ऐपत कोणत्याही घराची नाही. म्हणून सगळी पिल्ले वाचवण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन वेतांतून निवडून वीस-पंचवीस वाढवावीत, आणि एरवी नर-माद्या वेगळ्या ठेवून उत्पन्नालाच आळा घालावा. जास्त झालेले मासे विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडणे हा दयेचा मार्ग वाटतो, पण तो तसा नाही. हवाईत, सिंगापुरात, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये अशा सोडलेल्या मोली आता कायमच्या वस्तीला आहेत. परक्या माशाने जलाशयाचा ताबा घेतला म्हणजे काय होते हे उजनीच्या कोळ्यांना चिलापीवरून पुरते ठाऊक आहे. आणि पश्चिम घाटाच्या ओढ्यांत तर जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या माशांच्या जाती राहतात.

जादा मासे स्नेह्यांना द्यावेत, ओळखीच्या दुकानदाराला द्यावेत, शाळेच्या टाकीसाठी द्यावेत. देताना त्यांच्याबरोबर आपल्या पाण्याची माहितीही चिठ्ठीवर लिहून द्यावी: नळाचे की बोअरचे, काठिण्य किती, सामू किती, मीठ घातले आहे की नाही. मोलीचा मृत्यू पुष्कळदा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात एकदम पडल्यामुळे होतो, आणि ही चिठ्ठी तो टाळते. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा असावी, आदल्या दिवशी माशांना खाऊ घातलेले नसावे. घेणाऱ्याने पिशवी आपल्या टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, मग तासाभरात थोडे थोडे करून टाकीचे पाणी तिच्यात मिसळावे, आणि अखेरीस मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी मात्र बाहेर टाकून द्यावे.